संगणक कशासाठी थांबतो

संथ झालेल्या संगणकाचा प्रोसेसर सहसा मंदावलेला नसतो. खरेदीच्या दिवशी ज्या वेगाने तो आकडेमोड करत होता, त्याच वेगाने पाच-सात वर्षांनंतरही करू शकतो. कार्यालयात 'पीसी स्लो झालाय' अशी तक्रार येते तेव्हा हा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून कशाची तरी वाट पाहत असतो: डिस्कवरून माहिती येण्याची, मेमरीत जागा होण्याची, सर्व्हरकडून उत्तर मिळण्याची. ही वाट कशाची आहे ते ओळखणे म्हणजे निदान. बहुतेक कार्यालयांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. तक्रार आली की फॉरमॅट मारला जातो, रॅम वाढवली जाते किंवा थेट नव्या यंत्राचे कोटेशन मागवले जाते. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडतो, आणि म्हणूनच मोजून पाहण्याची सवय लागत नाही.

निदानाची सुरुवात तक्रार नीट ऐकण्यापासून होते. 'स्लो' या एका शब्दाखाली निरनिराळे आजार लपलेले असतात. सकाळी यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, ही एक तक्रार. यंत्र चांगले चालते, पण एकच एक्सेल फाइल उघडताना अडकते, ही वेगळी. दुपारी बारा वाजले की सगळेच रखडते, ही तिसरी. आणि शेअर्ड फोल्डर उघडताना पंधरा सेकंद नुसते गोल चक्र फिरते, ही चौथी. या चारही तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी निघतात. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात: हे एकाच यंत्रावर होते की शेजारच्या टेबलावरही? रोज होते की ठरावीक वेळी? कधीपासून, आणि त्याच्या आगेमागे काय बदलले? नवा प्रिंटर, नवे अँटिव्हायरस, टेबलांची हलवाहलव, सर्व्हर बदलणे यांपैकी काहीतरी उत्तरात हमखास निघते. सगळ्यांनाच त्रास असेल तर एकेका यंत्राची तपासणी हा वेळेचा अपव्यय आहे; कारण नेटवर्कमध्ये, सर्व्हरमध्ये किंवा सगळीकडे एकाच वेळी चालणाऱ्या एखाद्या कामात शोधावे.

तक्रारीला आकडाही जोडून घ्यावा. संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाच्या वेळांचा विचार मांडला. पुढे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी त्यातून तीन मर्यादा रूढ केल्या. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते तत्क्षणी आल्यासारखे वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपुढे माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. त्यामुळे तीन सेकंदांचा विलंब दिवसात शंभर वेळा होणे हे सकाळच्या एका पाच मिनिटांच्या विलंबापेक्षा जास्त जाचक ठरते, भले घड्याळाच्या हिशेबाने दोन्हींची बेरीज सारखीच असो. कोणते काम किती सेकंद घेते हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून लिहून ठेवावे. दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे ठरवायला दुसरा कोणताही भरवशाचा मार्ग नाही.

पहिला उपाय मात्र तपासणीआधीच करून घेण्यासारखा आहे: यंत्र रीस्टार्ट करणे. येथे एक मोठा गैरसमज आड येतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू होता यावे म्हणून त्याची अवस्था डिस्कवर जतन केली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. या सोयीला फास्ट स्टार्टअप म्हणतात. रोज संध्याकाळी इमाने-इतबारे यंत्र बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' पुढे २३ दिवस दिसतात ते यामुळेच. अडकलेले ड्रायव्हर, मेमरी सोडायला तयार नसलेल्या सेवा, अर्धवट राहिलेले अपडेट हे सगळे तसेच पुढे चालत राहते. 'रीस्टार्ट' मात्र गाभा नव्याने सुरू करते. रीस्टार्टनंतर यंत्र सुधारले आणि चार दिवसांनी पुन्हा बिघडले तर तोही एक पुरावा समजावा. एखादा प्रोग्रॅम हळूहळू मेमरी गिळत असल्याची ती खूण असते.

खरी तपासणी यंत्र संथ असतानाच करायची असते. सर्व्हिस इंजिनियर येतो तेव्हा यंत्र नेमके व्यवस्थित चालत असते, हा सगळ्यांचा अनुभव. पण तपासणीसाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त वापर करणारा प्रोग्रॅम वर येतो. रखडण्याच्या क्षणी या खिडकीचा मोबाइलने काढलेला फोटो अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा जास्त सांगतो.

हे आकडे वाचण्याची एक शिस्त आहे. ब्रेंडन ग्रेग या संगणकतज्ज्ञाने ती सुटसुटीत मांडली: प्रत्येक साधनाबाबत तीन गोष्टी पाहाव्यात. ते किती वेळ कामात आहे, त्याच्यासमोर किती काम तुंबले आहे, आणि त्यात चुका होत आहेत का. साधन ९० टक्के गुंतलेले असणे आपोआप वाईट ठरत नाही. पोस्टाच्या एकाच खिडकीसमोर माणसे सारख्या अंतराने आली तर खिडकी दिवसभर चालू राहूनही कोणी खोळंबत नाही. पण ती झुंडीने आली की रांग दाराबाहेर जाते. संगणकात कामे नेहमी झुंडीनेच येतात. म्हणून वापर १०० टक्क्यांच्या जवळ गेला की प्रतीक्षा थोडी वाढत नाही, ती कित्येक पटींनी वाढते.

जुन्या यंत्रांत ही रांग बहुतेक वेळा डिस्कपाशी लागलेली असते, म्हणून डिस्ककडे सर्वांत आधी पाहावे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला साधारणपणे ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी डोके योग्य वर्तुळावर न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. दोन्ही मिळून सुमारे १२ मिलिसेकंद झाले. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेतीन कोटींहून जास्त ठोके पूर्ण करतो, आणि त्यांतले बहुतेक रिकामे जातात. डिस्कच्या निरनिराळ्या जागांवर विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला ८०-१०० तुकडेच वाचू शकते. तुकडा ४ किलोबाइटचा असेल, तर सेकंदाला जेमतेम ४०० किलोबाइट होतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क '१०० टक्के' आणि वेग मात्र सेकंदाला अर्धा-एक मेगाबाइट, हे चक्रावून टाकणारे दृश्य यातून तयार होते. डिस्क आळशीपणा करत नाही. ती पूर्ण ताकदीने धावते आहे, तिचा सगळा वेळ जागा शोधण्यात जातो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. त्याच वेळी अँटिव्हायरस, अपडेट आणि फाइलींची सूची करणारी सेवाही डिस्ककडे धाव घेतात. सकाळची ती दहा मिनिटे इथे खर्च होतात.

चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तोच लहान तुकडा ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास देते, शिवाय अनेक मागण्या एकाच वेळी हाताळते. साटा जोडणीच्या एसएसडीचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कच्या तीन-चार पट असतो. जाहिरातीत हाच आकडा छापलेला असतो. कार्यालयात जाणवणारा फरक मात्र विखुरलेल्या वाचनातला आहे, आणि तो शेकडो पटींचा आहे. म्हणून तबकडीची डिस्क असलेल्या यंत्रात प्रोसेसर किंवा रॅमचा विचार करण्याआधी एसएसडी बसवावी, हे जवळजवळ डोळे मिटून सांगता येते.

'जवळजवळ' म्हणण्याचे कारण आहे. डिस्क १०० टक्के दिसते म्हणजे दोष डिस्कचाच असतो असे नाही, आणि डिस्क खरोखर मरणपंथाला लागलेली असली तर घाई वेगळ्या गोष्टीची करावी लागते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कचा सरासरी प्रतिसादकाळ दिसतो. हार्ड डिस्कला १०-२० मिलिसेकंद ठीक, एसएसडीला एक-दोनच्या आत. भार फारसा नसताना हा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल, तर डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आहे असा संशय घ्यावा. खात्री इव्हेंट व्ह्यूअरमध्ये होते. 'सिस्टीम' नोंदवहीत डिस्कच्या नावाने क्रमांक ७ ची नोंद खराब ब्लॉक सांगते, तर १५३ ची नोंद वाचन पुन्हा करावे लागल्याचे सांगते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दिसतात. त्यांतल्या बदली दिलेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल किंवा बदलीच्या प्रतीक्षेतले सेक्टर शून्याहून जास्त असतील, तर पुढची तपासणी थांबवून आधी बॅकअप घ्यावा. अशा डिस्कवर फॉरमॅट, डिफ्रॅग किंवा तासन्‌तास चालणारी चेकडिस्क सुरू करणे म्हणजे उरलेला डेटाही धोक्यात घालणे आहे.

डिस्कवर भार टाकणारा छुपा धनी बहुधा मेमरी असतो. रॅम अपुरी पडली की विंडोज मेमरीतली काही पाने (माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवर ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात १९६२ पासून आहे, आणि थोडी टंचाई असताना ती उत्तम चालते. टंचाई वाढली की एक वेळ अशी येते, की यंत्र पाने आणण्या-नेण्यातच गुंतते आणि मूळ काम पुढे सरकतच नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी या अवस्थेची कारणमीमांसा १९६८ मध्येच केली होती. कारण वेगांच्या दरीत आहे: रॅममधून माहिती यायला मिलिसेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो, हार्ड डिस्कला त्याच्या लाखपट वेळ लागतो. म्हणून डिस्क १०० टक्के दिसली तर शेजारचा मेमरीचा रकानाही पाहावा. तो ८५-९० टक्क्यांच्या वर असेल आणि दोन-चार प्रोग्रॅम बंद करताच डिस्क शांत होत असेल, तर दुखणे रॅमचे आहे. ४ गिगाबाइट रॅमवर आजचे विंडोज, ब्राउझरची पंधरा पाने, ईमेल आणि हिशेबाचा प्रोग्रॅम एकत्र नांदू शकत नाहीत. कार्यालयीन कामाला ८ गिगाबाइट ही किमान मर्यादा समजावी. १६ असल्यास पुढची काही वर्षे प्रश्न उरत नाही. उलट मेमरी ५० टक्केच वापरात असेल तर रॅम वाढवून काडीचाही फरक पडणार नाही. असा निष्फळ खर्च कार्यालयांत सर्रास होतो.

ब्राउझरचा स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण आता निम्मे कार्यालय त्यातच चालते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणते पान किंवा एक्स्टेन्शन किती मेमरी खाते ते दिसते. एखादे पान काही न करता प्रोसेसर जाळत असेल तर संशय घ्यावा. २०१७ ते २०१९ या काळात कॉइनहाइव्ह नावाची स्क्रिप्ट अनेक संकेतस्थळांत घुसवून पाहुण्यांच्या यंत्रांवर क्रिप्टोचलनाचे खनन केले जात होते. ती सेवा बंद झाली, पण तो धंदा बंद झालेला नाही.

प्रोसेसर खरोखर अडलेला असेल तर ते लपत नाही. एखादा प्रोग्रॅम सीपीयूच्या रकान्यात सतत वर असतो आणि त्याचे नाव समोर येते. याहून फसवा प्रकार उष्णतेचा आहे. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'बेस स्पीड' २.४ गिगाहर्ट्झ आणि प्रत्यक्ष वेग कामाच्या वेळी ०.८ वर अडकलेला दिसला, की निदान तिथेच झाले असे समजा. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे बाहेर ४५ अंश असताना, टेबलाखाली भिंतीला टेकवलेल्या आणि धुळीने जाळी बुजलेल्या कॅबिनेटमध्ये हे सहज घडते. ब्लोअरने धूळ काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि मागे वीतभर जागा ठेवणे एवढाच इलाज आहे. लॅपटॉपमध्ये तोच उतरलेला वेग कमी क्षमतेच्या किंवा यंत्राने न ओळखलेल्या चार्जरमुळेही दिसतो. तिथे कितीही धूळ झाडली तरी उपयोग होत नाही.

यानंतर येते यंत्रात साचलेले सॉफ्टवेअर. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर विंडोजबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. प्रिंटरचे सहायक, बैठकांची ॲपे, तीन-तीन क्लाउड फोल्डर, अपडेट शोधणारे नोकर हे सगळे कधीतरी 'नेक्स्ट' दाबताना आत आलेले असतात. जे रोज लागत नाही ते बंद करावे. त्याने प्रोग्रॅम नाहीसा होत नाही, फक्त सकाळी स्वतःहून उठत नाही.

अँटिव्हायरस मात्र बंद करण्याची गोष्ट नाही. या क्षेत्राशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. पुण्यात दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या कैलास काटकर यांचे बंधू संजय काटकर यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्यातून क्विक हील उभे राहिले. अशा प्रोग्रॅमला प्रत्येक फाइल उघडताना तपासावी लागते, म्हणजे थोडा वेळ जाणारच. अडचण होते ती एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस असतात तेव्हा, किंवा संपूर्ण तपासणीची वेळ दुपारी बाराला लावलेली असते तेव्हा. दुसरा प्रोग्रॅम काढून टाकावा आणि तपासणी जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी लावावी.

एकच फाइल संथ असेल तर यंत्राला दोष देऊ नये. एक्सेलमध्ये हे वारंवार दिसते. एक्सेल २००७ पासून एका पानावर ६५,५३६ ऐवजी १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि संपूर्ण रकाना धरून लिहिलेली सूत्रे त्या सगळ्या ओळींवर हक्क सांगतात. टुडे, नाऊ, ऑफसेट, इनडायरेक्ट ही सूत्रे तर कोणत्याही चौकटीत काहीही बदलले तरी पुन्हा मोजली जातात. पगारपत्रक दर महिन्याला मागच्या महिन्याच्या फाइलवरून 'सेव्ह ॲज' करत वर्षानुवर्षे चालवले, की त्यात जुन्या फाइलींचे दुवे, नकलून आलेले रंगांचे नियम आणि कोणीतरी खूप खाली आखून ठेवलेल्या रिकाम्या चौकटी जमतात. कंट्रोल आणि एंड दाबून पाहावे: साठ कर्मचाऱ्यांच्या पत्रकात कर्सर चाळीस हजाराव्या ओळीवर गेला तर रोग सापडला. मधल्या ओळी पूर्ण डिलीट करून फाइल सेव्ह केली की ती हलकी होते. वर्ड आणि एक्सेल दोन्ही उघडायला वेळ घेत असतील तर आणखी एक कारण तपासावे. पानाची मांडणी ठरवण्यासाठी हे प्रोग्रॅम डिफॉल्ट प्रिंटरला विचारतात, आणि तो प्रिंटर नेटवर्कवरून कधीच काढून टाकलेला असला तर उत्तराची वाट पाहत बसतात. डिफॉल्ट प्रिंटर म्हणून तात्पुरता 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडला की मिनिटभरात खरे-खोटे कळते.

राहिले नेटवर्क. 'नेट स्लो आहे' असे म्हटले जाते तेव्हा दोष इंटरनेटचा, कार्यालयातल्या जोडणीचा की सर्व्हरचा, हे आधी वेगळे करावे. कमांड विंडोमधून राउटरला पिंग केल्यावर केबलवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. तिथेच उत्तरे गळत असतील तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. लॅन केबलचा एक दोष खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. टेबलाच्या पायाखाली चिरडून किंवा क्रिम्पिंग कच्चे राहून एखादी तार तुटली, तर जोडणी बंद पडण्याऐवजी बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. इंटरनेट तेवढ्यात आरामात चालते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पण शेअर्ड फोल्डरमधली ३०० मेगाबाइटची फाइल तीन सेकंदांऐवजी पंचवीस सेकंद घेते, आणि सर्व्हरवर डेटा असलेला टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम सगळ्यांना जड वाटू लागतो. विंडोजमध्ये जोडणीच्या माहितीत हा वेग लिहिलेला असतो. १००० च्या जागी १०० दिसले तर आधी पॅच कॉर्ड बदलून पाहावी. ती संगणकातल्या कोणत्याही भागापेक्षा स्वस्त आहे. हिशेबाची यंत्रे वायफायवर ठेवूच नयेत. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, आणि व्यापारी संकुलात त्या वीस दुकाने वाटून घेत असतात.

या सगळ्या तपासणीत एक पथ्य पाळावे: एका वेळी एकच बदल करावा आणि सुरुवातीला लिहून ठेवलेला वेळ पुन्हा मोजावा. एसएसडी, रॅम आणि नवे विंडोज एकाच दिवशी घातले तर यंत्र सुधारते, पण कशाने सुधारले ते कळत नाही, आणि उरलेल्या वीस यंत्रांवर तिप्पट खर्च होतो. रजिस्ट्री साफ करणारी आणि 'वेग वाढवणारी' मोफत साधने वापरूच नयेत. त्यांनी वेग वाढल्याचे मोजमापात दिसत नाही, पण बिघाड मात्र होतात.

यंत्र ठेवावे की बदलावे हा निर्णय आता केवळ वेगाचा राहिलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्राचा प्रोसेसर या अटीत बसतो, त्याला एसएसडी आणि ८ गिगाबाइट रॅम देऊन आणखी काही वर्षे निश्चिंतपणे वापरता येते. ते बाद करणे हा पैशाचा अपव्यय आहे. जे बसत नाही त्यावर मोठा खर्च करू नये, बदलीची तरतूद करावी. तोवर काम चालवण्यासाठी त्यात अडीच इंची साटा एसएसडी बसवली तरी ती वाया जात नाही, कारण यंत्र बाद झाल्यावर ती काढून दुसऱ्या यंत्रात लावता येते.